मधुमेहींच्या हिरड्यांचे विकार व लेसर उपचार : एक परिचय

मधुमेहाचे दुष्परिणाम सांगताना डोळ्यांचा पडदा, मूत्रपिंडे, मज्जातंतू, हृदय आणि पाय यांचा उल्लेख सर्वत्र होतो. तोंडाचा उल्लेख मात्र क्वचितच होतो. घासताना हिरडीतून रक्त आले तर ‘उष्णता झाली’ म्हणावयाचे, दात हलू लागला तर ‘वय झाले’ म्हणावयाचे आणि तो पडला की विषय संपला, अशीच आपल्याकडील रीत आहे. गेल्या तीस-पस्तीस वर्षांतील वैद्यकीय संशोधनाने ही समजूत चुकीची ठरविली आहे. हिरड्यांचा रोग आणि मधुमेह हे दोन विकार एकमेकांस बळ देतात, हे आता सर्वमान्य झाले आहे.

दुसरीकडे, ‘लेसरने हिरड्यांचा इलाज’ अशा जाहिराती शहरांतून दिसतात. रुग्णांचे नातेवाईक त्याविषयी विचारतात. एखादे यंत्र भेट द्यावे काय, अशी पृच्छा दानशूर मंडळींकडूनही होते. प्रस्तुत लेखक वैद्यक शाखेचा नसून वाणिज्य शाखेचा पदवीधर आहे. तथापि रुग्णालयाच्या प्रशासनात प्रत्येक उपचाराचे मोल व त्याचा लाभ यांचा ताळा घालावा लागतो. त्या दृष्टीने, प्रसिद्ध झालेल्या संशोधनाच्या आधारे, या विषयाची सरळ मांडणी येथे केली आहे.

मधुमेह आपल्या दारात

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या ‘इंडियाब’ या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यानुसार देशातील प्रौढांपैकी ११.४ टक्के, म्हणजे सुमारे १० कोटी १० लक्ष लोकांस मधुमेह आहे. आणखी १३ कोटी ६० लक्ष लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत.

हा आजार शहरातील स्थूल व सुखवस्तू माणसांचा आहे, असे लाखांदूर तालुक्यातील आपल्या दिघोरीसारख्या गावी अद्याप मानले जाते. धानाची रोवणी आणि कापणी करणाऱ्या सडपातळ माणसाला साखरेचा आजार कसा होईल, असा प्रश्न लोक विचारतात. याचे उत्तर पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या कार्यात सापडते. २००४ मध्ये त्यांनी व लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात स्वतःचीच तुलना प्रसिद्ध केली. उंची व वजन यांवरून काढलेला दोघांचा निर्देशांक एकच, २२.३ होता. मात्र युडकिन यांच्या शरीरातील चरबीचे प्रमाण ९.१ टक्के, तर याज्ञिक यांच्या शरीरातील २१.२ टक्के निघाले. वरून कृश दिसणाऱ्या भारतीय देहात चरबी दडलेली असते आणि ती मधुमेहास आमंत्रण देते, हा याचा अर्थ. म्हणून अंगाने बारीक असणे हे मधुमेह नसल्याचे प्रमाणपत्र नव्हे.

हिरडीत काय घडते

निरोगी हिरडी दाताच्या मुळाला घट्ट बिलगून असते. हिरडी व दात यांमधील फट साधारणतः १ ते ३ मिलिमीटर खोल असते. दातांवर दररोज जिवाणूंचा चिकट थर साचतो. तो वेळेवर निघाला नाही, तर लाळेतील क्षारांमुळे कठीण होऊन त्याचे कीटण बनते. कीटणावर पुन्हा जिवाणू वसतात, हिरडी सुजते, लाल होते व रक्त येऊ लागते. ही पहिली अवस्था पूर्णतः बरी होणारी आहे.

याचा पुरावा १९६५ मध्ये डेन्मार्कमधील एका प्रसिद्ध प्रयोगाने दिला. हॅराल्ड लो व त्यांच्या सहकाऱ्यांनी निरोगी हिरड्या असलेल्या १२ व्यक्तींना दात घासणे थांबविण्यास सांगितले. १० ते २१ दिवसांत सर्वांच्या हिरड्या सुजल्या. पुन्हा स्वच्छता सुरू करताच त्या थोड्याच दिवसांत पूर्ववत झाल्या. रोगाचे कारण व त्याचे औषध ही दोन्ही बव्हंशी आपल्याच हाती असल्याचे या साध्या प्रयोगाने सिद्ध झाले.

दुर्लक्ष केल्यास रोग हिरडीखाली उतरतो. दात व हिरडी यांमधील फट ४, ५, ६ मिलिमीटर व त्याहून अधिक खोल होते. तेथे पू होतो, जबड्याचे हाड झिजते आणि दात हलू लागतो. यालाच आपल्याकडे ‘पायरिया’ म्हणतात. एकदा गेलेले हाड बहुतांशी परत येत नाही, म्हणून या अवस्थेत उपचाराचा हेतू उरलेले वाचविणे हा असतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ च्या अहवालानुसार हिरड्यांच्या तीव्र रोगाचे जगात १०० कोटींहून अधिक रुग्ण आहेत.

दुहेरी नाते

ज्या हॅराल्ड लो यांचा वर उल्लेख केला, त्यांनीच १९९३ मध्ये हिरड्यांच्या रोगास ‘मधुमेहाची सहावी गुंतागुंत’ असे संबोधिले. साखर दीर्घकाळ वाढलेली राहिली की रक्तातील संरक्षक पेशी मंदावतात, सूक्ष्म रक्तवाहिन्या बिघडतात, जखम उशिरा भरते आणि हिरडीला बळकटी देणारे तंतू कमकुवत होतात. त्यामुळे मधुमेहींना, विशेषतः ज्यांची साखर नियंत्रणात नाही अशांना, हिरड्यांचा गंभीर रोग होण्याचा धोका इतरांच्या सुमारे तिप्पट मानला जातो.

हा झाला नात्याचा एक पदर. दुसरा पदर असा की, हिरडीतील रोग शरीरातील साखरेवर परिणाम करतो. सर्व दातांभोवतीच्या दाहग्रस्त कप्प्यांचा एकत्रित पृष्ठभाग ८ ते २० चौरस सेंटीमीटर असू शकतो, असा अंदाज २००१ मध्ये मांडण्यात आला. म्हणजे अधिकात अधिक आगपेटीच्या वरच्या बाजूएवढी जखम तोंडात कायम उघडी असते. पायावर तेवढी जखम असती तर घरातील कोणीही रुग्णास दवाखान्यात नेल्याशिवाय राहिले नसते. तोंडातील जखम दिसत नाही व फारशी दुखतही नाही, म्हणून ती वर्षानुवर्षे राहते. या जखमेतून दाह निर्माण करणारी द्रव्ये रक्तात मिसळतात व इन्सुलिनचे कार्य अवघड करतात.

मग हिरड्या बऱ्या केल्यास साखर उतरते काय? याची अनेक चाचण्यांतून परीक्षा झाली आहे. मधुमेहाचे मोजमाप ‘एचबीएवनसी’ या तपासणीने होते. ती मागील दोन-तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा अंदाज देते. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ५१४ रुग्णांच्या अमेरिकन चाचणीत हिरड्यांच्या उपचाराने हे प्रमाण कमी झाले नाही. मात्र त्या रुग्णांच्या तोंडात उपचारानंतरही जिवाणूंचा थर बराच शिल्लक होता, असा आक्षेप अनेक तज्ज्ञांनी नोंदविला. २०१८ मध्ये लंडन येथील २६४ रुग्णांच्या चाचणीचे निष्कर्ष आले. तेथे एका गटास वर्षभर सखोल उपचार मिळाले व दुसऱ्यास केवळ वरवरची सफाई. वर्षाअखेरीस पहिल्या गटाचे एचबीएवनसी दुसऱ्यापेक्षा ०.६ अंकाने कमी होते. २०२२ मध्ये कॉक्रेन या संस्थेने ३५ चाचण्यांचा एकत्र आढावा घेतला. हिरड्यांच्या उपचारानंतर तीन ते चार महिन्यांत एचबीएवनसी सरासरी ०.४३ अंकाने कमी होते, असा निष्कर्ष त्यातून निघाला.

हा आकडा लहान भासेल. परंतु ८.० वरून सुमारे ७.६ वर येणे ही काही रुग्णांत नव्या गोळीची भर घातल्यावर मिळणाऱ्या लाभाच्या जवळ जाणारी गोष्ट आहे. अर्थात, मधुमेहाचे औषध, आहार व व्यायाम यांस हा पर्याय नव्हे. तो त्यांचा जोडीदार होय. तसेच वर उल्लेखिलेल्या दोन चाचण्या शेजारी ठेवल्यास एक धडा स्पष्ट होतो : उपचार ‘केला’ एवढ्याने भागत नाही, थर खरोखर निघाला पाहिजे आणि निघालेला राहिला पाहिजे.

लेसर म्हणजे काय

आइनस्टाइन यांनी १९१७ मध्ये ज्या तत्त्वाची मांडणी केली, त्यावर आधारलेले पहिले लेसर यंत्र थिओडोर मेमन यांनी अमेरिकेत १६ मे १९६० रोजी चालविले. साध्या दिव्याचा प्रकाश अनेक रंगांचा व चहूकडे पसरणारा असतो. लेसरचा प्रकाश एकाच तरंगलांबीचा व एकाच दिशेने जाणारा असतो. त्यामुळे त्याची शक्ती एका सूक्ष्म बिंदूवर एकवटते. दंतवैद्यकात त्याचा वापर १९९० च्या सुमारास रुळू लागला.

सर्व लेसर एकसारखे नसतात, ही बाब ग्राहकाने ध्यानी ठेवावयास हवी. डायोड व एनडी-याग या प्रकारांचा प्रकाश रक्तातील व ऊतींतील रंगद्रव्ये शोषून घेतात. म्हणून सुजलेल्या, रक्ताळलेल्या हिरडीवर तो काम करतो, परंतु दाताच्या मुळावरील दगडासारखे कीटण काढणे हे त्याचे काम नव्हे. एर्बियम प्रकाराचा प्रकाश पाणी शोषून घेते आणि तो कठीण भागावरही काम करू शकतो. त्याची यंत्रसामग्री अधिक महाग असते. आकाराने लहान व तुलनेने स्वस्त असल्याने दवाखान्यांत बहुधा डायोड लेसर आढळतो. म्हणजेच जो लेसर सहज उपलब्ध आहे, त्याला कीटण काढता येत नाही. कीटण आधी नेहमीच्या उपकरणांनीच काढावे लागते.

लेसरविषयी पुरावा काय सांगतो

हिरड्यांच्या रोगाचा मूळ उपचार म्हणजे हिरडीच्या वरचे व खालचे कीटण काढून मुळाचा पृष्ठभाग स्वच्छ करणे. यास स्केलिंग व रूट प्लेनिंग म्हणतात. त्याच्या जोडीला लेसर वापरल्यास मधुमेहींना अधिक लाभ होतो काय, यावर अनेक देशांत, भारतातही, चाचण्या झाल्या आहेत. बहुतेक चाचण्या थोड्या रुग्णांच्या व काही महिन्यांच्याच आहेत. काहींत रक्तस्राव व कप्प्यांची खोली थोडी अधिक कमी झाल्याचे दिसते, काहींत फरक आढळत नाही. साखरेच्या बाबतीत नेहमीच्या उपचाराहून अधिक लाभ लेसरने होतो, असे खात्रीने म्हणता येत नाही.

अमेरिकेतील हिरडीतज्ज्ञांच्या अकादमीने २०१८ मध्ये आढावा घेऊन लेसरची भर घातल्याने मिळणारा जादा लाभ मर्यादित असल्याचे नमूद केले. युरोपीय महासंघाच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचना याहून स्पष्ट आहेत. हिरडीखालील सफाईच्या जोडीला लेसर वापरू नये, असेच त्या सुचवितात. औषधी रंगद्रव्य लावून त्यावर प्रकाश टाकण्याच्या पद्धतीविषयीही त्यांचे मत तसेच आहे.

मग लेसर निरुपयोगी आहे काय? तसे म्हणणे अन्यायाचे होईल. मऊ ऊतींच्या शस्त्रक्रियेत त्याचे स्थान आहे. रक्तदाबाच्या अॅम्लोडिपिनसारख्या गोळ्यांमुळे काही रुग्णांच्या हिरड्या वाढून दातांवर चढतात. मधुमेहासह रक्तदाबाचे औषध घेणारे रुग्ण पुष्कळ असतात. अशी वाढलेली हिरडी छाटताना लेसरने रक्तस्राव कमी होतो आणि टाक्यांची गरज अनेकदा पडत नाही. मात्र त्यापूर्वी सफाई करणे आणि गोळी बदलता येईल काय हे मूळ डॉक्टरांना विचारणे आवश्यक असते.

जाहिरातींतील ‘एका बैठकीत कायमचा इलाज’ हा दावा मात्र मान्य करण्याजोगा नाही. प्रकाशाने जिवाणू घटले तरी तोंड निर्जंतुक राहत नाही. घरची स्वच्छता नसेल तर काही आठवड्यांत ते पुन्हा वस्ती करतात. शिवाय अप्रशिक्षित हातांत लेसरची उष्णता मुळास व हाडास इजा करू शकते. रुग्ण, डॉक्टर व साहाय्यक या तिघांच्याही डोळ्यांवर योग्य चष्मा असणे अनिवार्य आहे.

उपचाराची योग्य पायरी

प्रथम साखरेची तपासणी व मधुमेहाच्या औषधांची घडी बसविणे. त्याच वेळी दात घासण्याची योग्य रीत शिकविणे व तंबाखू सोडविणे. नंतर कीटण काढणे. मग सहा आठवडे ते तीन महिन्यांनी कप्प्यांची पुन्हा मोजणी. ४-५ मिलिमीटरचे कप्पे राहिले असल्यास पुन्हा सफाई, ६ मिलिमीटर वा अधिक खोल राहिले असल्यास तज्ज्ञांकडून शस्त्रक्रियेचा विचार. त्यानंतर आयुष्यभर दर तीन ते सहा महिन्यांनी देखभाल. या क्रमात लेसर आला तर शेवटच्या टप्प्यावर, निवडक रुग्णांसाठी व तज्ज्ञांच्या निर्णयाने येतो. अशा रुग्णांस नागपूरच्या शासकीय दंत महाविद्यालयासारख्या शिक्षणसंस्थेत पाठविणे हा आपल्या भागातील माणसाला परवडणारा मार्ग होय.

तंबाखूचा मुद्दा येथे विशेषत्वाने सांगणे प्राप्त आहे. विदर्भात खर्रा घराघरांत पोहोचला आहे. पूर्व भागात गुडाखू घासण्याचीही सवय आढळते. तंबाखूमुळे हिरड्यांचा रोग वाढतो आणि उपचाराचा गुण कमी येतो. धूम्रपान करणाऱ्यांत तर रक्त येणे दबले जाते, म्हणून रोग कळतही नाही. सुपारी व तंबाखूमुळे मुखकर्करोगाचा धोका आहे तो वेगळाच. खर्रा चालू ठेवून लेसर करून घेणे म्हणजे फुटक्या बांधीत पाणी भरणे होय.

जमाखर्चाच्या दृष्टीने

यंत्राची किंमत ही खर्चवहीतील पहिली नोंद असते, शेवटची नसते. लेसर यंत्रास तंतूंची टोके, चष्मे, दुरुस्तीचा वार्षिक करार, प्रशिक्षित तज्ज्ञ आणि घसारा असे आवर्ती खर्च असतात. तज्ज्ञ आठवड्यातून एखाद्या दिवशीच उपलब्ध असेल, तर यंत्र उरलेले दिवस झाकून राहते. याउलट स्केलिंगचे साधे यंत्र, निर्जंतुकीकरणाची सोय, एचबीएवनसीच्या तपासण्या, मऊ ब्रश आणि रुग्णास पुन्हा बोलाविणारा एक कार्यकर्ता यांवर झालेला खर्च दररोज फळ देतो.

खर्चाची दुसरी वही रुग्णाच्या घरची असते. दिघोरीच्या परिसरातून भंडारा किंवा नागपूर गाठावयाचे म्हणजे दिवस मोडतो, मजुरी बुडते आणि सोबत येणाऱ्याचीही बुडते. रोवणीच्या दिवसांत तर तारीख पाळली जाणेच अवघड. म्हणून जी सफाई व देखभाल गावाजवळ होऊ शकते ती गावाजवळच व्हावी आणि दूरचा प्रवास केवळ खऱ्या गरजेसाठी व्हावा, यात गरीब कुटुंबाची मोठी बचत आहे. दात गेल्यावर भाकरी, चणे, कच्च्या भाज्या चावता येत नाहीत. मग मऊ भातावरच भर राहतो आणि साखर आणखी बिघडते. तोंडातील दात वाचविणे हा एका अर्थाने आहाराच्या पथ्याचाच भाग आहे.

रुग्णांच्या आप्तेष्टांसाठी

१. मधुमेहाचे निदान झाले की त्याच महिन्यात दातांची व हिरड्यांची तपासणी करून घ्यावी व दरवर्षी ती पुन्हा करावी. आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघ व युरोपीय हिरडीतज्ज्ञांच्या महासंघाने २०१७ मध्ये माद्रिद येथे एकत्र बसून अशीच शिफारस केली.

२. हिरडीतून रक्त येणे, तोंडास दुर्गंधी, दातांत वाढणाऱ्या फटी, हलणारा दात वा पू ही लक्षणे दिसताच थांबू नये. चाळिशीनंतर अशी लक्षणे असलेल्या व्यक्तीने आपली साखरही तपासावी.

३. दिवसातून दोन वेळा मऊ ब्रशने, हिरडीच्या कडेपर्यंत, दोन मिनिटे दात घासावेत. दोन दातांमधील फट बारीक ब्रशने स्वच्छ करावी. राखुंडी व भरड मंजन टाळावे. रक्त येते म्हणून घासणे बंद करू नये.

४. ‘सफाई केल्याने दात हलतात’ हा गैरसमज आहे. कीटणाचा आधार निघाल्यावर पूर्वी झालेली झीज जाणवते, एवढेच.

५. दंतवैद्याकडे जाताना नेहमीप्रमाणे जेवण व औषध घ्यावे. उपाशी जाऊ नये. सोबत थोडी साखर ठेवावी. घाम, थरथर वा घाबरल्यासारखे वाटल्यास लगेच सांगावे.

६. इन्सुलिन, रक्त पातळ करणाऱ्या व रक्तदाबाच्या गोळ्या यांची यादी सोबत न्यावी. कोणतीही गोळी आपल्या मनाने बंद करू नये.

७. साखर जास्त असली तरी गळू, सूज, ताप असल्यास वाट पाहू नये. अशा वेळी दोन्ही उपचार एकदमच करावे लागतात.

८. कोणी लेसर सुचविल्यास तीन प्रश्न विचारावेत : कीटण आधी पूर्ण काढले काय? आता कप्पा किती मिलिमीटर आहे? लेसरने काय साधेल, जे साध्या उपचाराने साधणार नाही?

विश्वस्त व देणगीदारांस निवेदन

दानाची भावना जेवढी मोलाची, तेवढीच त्याची दिशाही मोलाची. नव्या यंत्रावर दात्याचे नाव कोरता येते, वेळेवर झालेल्या सफाईवर कोरता येत नाही. तरीही उपलब्ध पुरावा पाहता मधुमेही रुग्णास सर्वाधिक लाभ या न दिसणाऱ्या कामातून होतो. १४ नोव्हेंबर हा जागतिक मधुमेह दिन आणि २० मार्च हा जागतिक मुखआरोग्य दिन. या दोन्ही दिवशी साखर व हिरड्या यांची तपासणी एकाच ठिकाणी, एकाच चिठ्ठीवर व्हावी, आणि दोष आढळलेल्या प्रत्येक रुग्णाची सफाई व तीन महिन्यांनंतरची फेरतपासणी पूर्ण होईपर्यंतचा खर्च उचलला जावा, अशी नम्र सूचना आहे. शिबिरात किती रुग्ण तपासले हा आकडा अहवालात शोभून दिसतो. त्यांपैकी किती जण तीन महिन्यांनी परत आले, हा आकडा खरे फलित सांगतो. पुढे रुग्णसंख्या, तज्ज्ञ व देखभालीची तरतूद या तिन्ही गोष्टी जुळून आल्यास लेसरचा विचार अवश्य व्हावा. तोवर दात्यांचा प्रत्येक रुपया जेथे अधिक दात वाचवील तेथेच खर्चावा, एवढीच विनंती.

— रुग्णालय प्रशासक